धुऊन ठेवलेल्या बरण्या

१

मंगळवारी दुपारी अडीच वाजता कपाट उघडलं, तेव्हा बरण्या जागेवर होत्या आणि त्यांच्यात काहीही नव्हतं.

साल १९८८, एप्रिल महिना, जळगावातलं एक धर्मादाय रुग्णालय. ऑपरेशन थिएटरच्या मागे, कडुनिंबाच्या सावलीत एक लांबट खोली होती. तिला सगळे शिकायची खोली म्हणत. शिकाऊ सर्जन तिथे बोकडाच्या रक्तवाहिन्यांवर टाके घालायचा सराव करत. त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात डॉ. यशवंत नेहेत्यांचं कित्येक वर्षांचं काम ठेवलेलं असे.

अभिमन खैरनार तेव्हा वॉर्डात होता. धाकट्या भावाच्या, भिकनच्या पायावर तो वर्तमानपत्राने वारा घालत होता. अभिमन धुळ्याचा. पोलिसात जमादार म्हणून निवृत्त झालेला. भावासाठी आठवडाभर तो इथेच मुक्कामाला होता.

भिकन पाळधीचा शिंपी. मशीनचं पायडल मारून त्याने घर चालवलं, आणि पायडल मारता मारता बिड्या ओढल्या. बिडीने उजव्या मांडीतली रक्तवाहिनी बंद पाडली. अंगठा काळा पडला होता. बंद पडलेल्या वाहिनीला वळसा घालून दुसरी नळी जोडायची, नाहीतर पाय काढायचा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अशी नळी बहुधा रोग्याच्याच पायातल्या शिरेची करतात. भिकनच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या म्हणून धुळ्यात पूर्वीच काढून टाकल्या होत्या.

म्हणून त्या बरण्या. बाळंतपणाच्या वॉर्डातून आलेल्या नाळेतली मोठी शीर नेहेते स्वच्छ करत, चामडं कमावतात तशी औषधात कमावत, काचेच्या कांडीवर ताणून स्पिरिटमध्ये ठेवत. त्यातली एक नळी बुधवारी सकाळी भिकनच्या पायात बसवायची होती. हे अभिमनला ठाऊक होतं, भिकनला ठाऊक होतं. घरात बाकीच्यांना ‘मुंबईची नळी’ एवढंच सांगितलं होतं. उगाच बायकांच्या मनात कालवाकालव नको, असं अभिमननेच ठरवलं होतं.

“नाना, उद्या नक्की करतीन ना?” भिकनने विचारलं.

“करतीन.”

“मशीनवर बसाले पाय लागस, नाना.”

“माहीत से माले. गप पड.”

तेवढ्यात शिपाई तोताराम धापा टाकत दारात आला आणि अभिमनला बाहेर घेऊन हळूच म्हणाला, “जमादार, साहेबांनी बोलावलंय. तुमच्या भावाची नळी गेली.”

२

डॉ. नेहेते कपाटासमोर उभे होते. उंच, वाकलेला माणूस. आवाज मात्र शांत होता.

“दुसरी तयार करायला किती दिवस लागतील?” अभिमनने पहिला प्रश्न तोच विचारला.

“काही आठवडे. पायाला तेवढा वेळ नाही. प्लॅस्टिकची नळी मुंबईहून यायची, आणि गुडघ्याखाली ती टिकत नाही.”

“मग?”

“मग काय, जमादार. पोलिसात कळवतो संध्याकाळी. त्याआधी तुम्हाला काही दिसतंय का बघा. तुम्ही आयुष्यभर हेच केलंय.”

अभिमनने खोली पाहायला घेतली. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली दाराआड खिळ्याला अडकवलेली असे, आणि ते तोतारामपासून बोकडाच्या नळ्या आणून देणाऱ्या खाटकापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. स्पिरिट मोरीत ओतलेलं होतं, वास अजून होता. बरण्या धुतलेल्या होत्या. नुसत्या विसळलेल्या नव्हेत, घासून धुतलेल्या. काचेच्या कांड्या पुसून कपाटाच्या खालच्या खणात एकाला एक लावून ठेवल्या होत्या.

बैल चोरणारे, घर फोडणारे, देवळातली समई नेणारे, सगळे त्याने पाहिले होते. भांडी घासून ठेवून गेलेला चोर पाहिला नव्हता.

“सगळ्याच गेल्या?”

“सगळ्या,” थिएटरच्या सिस्टर लताबाई म्हणाल्या. “कमावलेल्या, कच्च्या, शिकाऊ डॉक्टर झोपेंनी गेल्या आठवड्यात कापून वाया घालवलेली, ती टाकाऊसुद्धा.”

टाकाऊसुद्धा. अभिमनने ते मनात ठेवलं. ऑपरेशन बंद पाडायचं असतं तर कामाच्या तेवढ्या नासवल्या की झालं. विकायच्या असत्या तर टाकाऊ कोण उचलतं?

कपाटाच्या मुठीवर पिवळट बोट उमटलं होतं. मोरीखाली कोऱ्या मांजरपाटाची बोटभर रुंद पट्टी पडली होती. त्याने ती उचलून खिशात टाकली. धुळ्याच्या ठाण्यात लागलेली सवय.

“कपाट शेवटचं कधी उघडलं होतं?”

“काल सकाळी. मीच,” नेहेते म्हणाले. “झोपेंना वाया गेलेली नळी दाखवायला.”

“आणि हे झोपे कुठे आहेत?”

मग तोताराम खाली बघत म्हणाला, “काल दुपारपासून संध्याकाळपर्यंत ते दिसलेच नाहीत, साहेब.”

३

डॉ. गिरधर झोपे हा नेहेत्यांचा हुशार विद्यार्थी. तिशीच्या आतला, जाड काचांचा चष्मा. अभिमनने त्याला कँटीनमध्ये गाठलं.

“माझ्यावरच संशय असणार,” गिरधर म्हणाला. “काल सर माझ्यावर ओरडले ते अख्ख्या आवाराने ऐकलं.”

“काय ओरडले?”

“‘या नाळा झाडाला लागत नाहीत, झोपे! एकेक नाळ बाळंतिणींच्या वॉर्डातून मी गोळा करतो, आणि तू बोकड समजून कापतोस!’ खोलीबाहेरच्या ओट्यावर बसलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.”

“राग आला?”

“आला. रागाने कोणी माणसाचा पाय घालवतं का, जमादार?”

“घालवतात. मी पाहिलेत. काल दुपारी कुठे होता?”

गिरधरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सरांना सांगणार नाही ना? धुळ्याला. नोकरीच्या मुलाखतीला.”

“देवपुरात?”

“हो.”

“देवपुराकडे जाताना पांझरा नदीच्या पुलावर काय चाललंय सध्या?”

“डांबर. एकच बाजू सुरू आहे. कंडक्टर उतरून बाकीच्या गाड्यांना शिव्या देत होता.”

ते खरं होतं. गेल्या आठवड्यात धुळ्याहून निघताना अभिमननेही तोच पूल तसाच पाहिला होता. गिरधर खोटं बोलत नव्हता, फक्त गुरूला सोडून चालला होता, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

“एक विचारू?” गिरधर म्हणाला. “सर पाय वाचवतील असं वाटतं तुम्हाला?”

“ते तुम्ही मला सांगायचं, डॉक्टर.”



४

मग तोताराम. तो ओट्याच्या पायरीवर तंबाखू मळत बसला होता.

“मी खाटकाकडून बोकडाच्या नळ्या घेतो, जमादार. माणसाच्या चोरून काय भाजी करू?”

“खोली काल दुपारी उघडी होती?”

“रोजच असते. पोरं शिकून जातात, वास राहतो. दार उघडं टाकून मी जेवायला जातो. आता म्हणतील तोतारामने दार उघडं टाकलं, तोतारामला काढा.” त्याचा आवाज एकदम उतरला. “काढतीलच. कोणीतरी लागतंच ना काढायला.”

“प्लॅस्टिकच्या नळ्या विकणारा मुंबईचा माणूस आला होता म्हणे.”

“आला होता. साहेबांनी दारातूनच घालवला. खोलीकडे फिरकला नाही.”

“मग इकडे कोण असतं दुपारचं?”

“कोण असणार? कोणी नाही. पेशंटांच्या बायका बसतात ओट्यावर, सावली आहे म्हणून.”

“म्हणजे कोणी नाही,” अभिमन म्हणाला, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

हे वाक्य त्याला तासाभराने आठवणार होतं.

वॉर्डात परतला तेव्हा पुष्पाबाई, भिकनची बायको, डबा सोडत होती. जेठ आलेला दिसताच तिने पदर नाकापर्यंत ओढला, डबा खाटेवर ठेवला आणि मुकाट बाहेर गेली. सव्वीस वर्षांत ती अभिमनसमोर कधी बसली नव्हती, त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रीतच तशी. तिचा चेहरा कसा आहे, हे त्याला लग्नाच्या फोटोवरून माहीत होतं.

भिकनने भाकरी मोडली. “आज बरी से ती. काल कोरड्यासले मीठच नव्हतं. लवकर गई व्हती, दुपारनीच. नातू आजारी, जीव तिकडे.”

भिकनच्या लेकीचं पहिलं बाळंतपण दीड महिन्यापूर्वी याच रुग्णालयात झालं होतं. पोर जन्मापासून किरकिरं. अंगी लागत नव्हतं, रात्रंदिवस रडायचं.

“कसा से आता?” अभिमनने विचारायचं म्हणून विचारलं.

“काय सांगू, नाना. काल संध्याकाळपाइन रडना नही. पोट भरीसन दूध पेस. एकाएकी.”

अभिमनने खिशातला रुमाल काढला. त्याबरोबर ती पट्टी बाहेर आली आणि खाटेवर पडली. भिकनने ती सहज उचलून दोन बोटांत धरली. काठाला कात्रीची बारीक खाच होती, आणि खाचेपासून पुढे कापड सरळ रेषेत फाडलेलं होतं.

कापडाला कात्रीने एवढीशी खाच पाडायची आणि मग फाडायचं, म्हणजे धागा वाकडा जात नाही. बाहेरचा माणूस शेवटपर्यंत कापत जातो. त्यांच्या शिंपी बापाने दोघांनाही हे लहानपणीच शिकवलं होतं.

“हाई तर आपला घरनं से,” भिकन म्हणाला. “कोठे सापडनं?”

५

अभिमन तसाच बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

आठवडाभर तो भावाजवळ बसत होता. तो आत असला की पुष्पाबाई बाहेर. बाहेर सावली एकाच ठिकाणी होती, शिकायच्या खोलीच्या ओट्यावर. तिला तिथे बसवलं होतं ते त्यानेच, नुसतं खाटेशी बसून. सोमवारी सकाळी डॉक्टर ओरडले तेव्हा ती तिथेच असणार. दुपारी दार उघडं, किल्ली खिळ्याला. त्याने सगळ्यांना प्रश्न विचारले होते. ओट्यावरच्या बाईला विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. तोतारामच्या हिशेबी ती कोणी नव्हती, आणि त्याच्याही.

त्याने लताबाईंना शोधून काढलं.

“सिस्टर, बाळंतिणीच्या घरची माणसं वार-नाळ मागतात का?”

“जुनी माणसं मागतात. पुरायची असते ना, हळदकुंकू लावून. आम्ही सांगतो, टाकून दिली.”

“टाकून दिली म्हणजे या कपाटात.”

लताबाईंनी मान खाली घातली. “सगळ्या नाही. चांगल्या निघतील तेवढ्या.”

“कोणी भांडलं होतं? अलीकडे?”

“एक आजी. दोन दिवस सोडलं नाही तिने. नातवाची नाळ द्या म्हणाली, मातीत नाही गेली तर पोर टिकायचं नाही. पाळधीची होती, पुष्पा…” त्या थांबल्या. “अहो, ही तुमच्या भिकनची…?”

“चला माझ्याबरोबर,” अभिमन म्हणाला. “मला तिच्याशी बोलता येत नाही.”

ओट्याच्या एका टोकाला पुष्पाबाई बसली होती. लताबाई तिच्याजवळ बसल्या. अभिमन दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाकडे तोंड आणि तिच्याकडे पाठ करून बसला. आयुष्यात त्याने पुष्कळ जबान्या घेतल्या होत्या, त्याही समोरच्याच्या डोळ्यांत बघून. ही तो झाडाकडे बघून घेत होता.

“सिस्टर, विचारा, कपाट कोणी उघडलं ते मला कळलंय. रागावणार नाही म्हणावं.”

मागून हलका, न थरथरणारा आवाज आला. तो त्याने पहिल्यांदाच ऐकला.

“सिस्टर, सांगा त्यास्ले, मी चोरी नही करी. मन्हा नातूनी नाळ मांगी व्हती, यास्नी टाकी दिधी म्हने. आनि इठे बरणीमा ठेयेल.”

“मग तुझीच न्यायची ना, बाई,” लताबाई म्हणाल्या. “सगळ्या कशाला?”

“मन्ही कोणती ते वळखू ये ना. म्हनीसन बठ्ठ्या लिध्यात. त्या बी कोणा ना कोणा लेकरूस्न्याच व्हत्यात ना?”

“आणि बरण्या का धुतल्या?”

“कोणानं भांडं खरकटं कसं ठेवू?”

अभिमनने डोळे मिटले. त्याला सगळं दिसत होतं. डबा बांधून घरून आणलेलं कोरं कापड, बाजारातून घेतलेली हळद लागलेली बोटं, पिशवी घेऊन दुपारच्या एसटीत बसलेली बाई, आणि घरामागे न्हाणीपाशी खणलेला खड्डा.

“विचारा, कुठे पुरल्या.”

“न्हाणीमांगे,” तिने विचारायची वाट न पाहताच सांगितलं. “सांगा त्यास्ले, पोर कालपाइन रडना नही.”

आता गप्प राहायला हवं होतं. ते त्याला कळत होतं. पण लताबाईंच्या तोंडून निघून गेलं, “अगं, उद्या तुझ्या माणसाच्या पायात…” आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

बांगड्या वाजल्या. पावलं ओट्यावरून जवळ आली. पुष्पाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर होता. फोटोतल्या मुलीचा हा चेहरा नव्हता.

“नाना,” ती सरळ त्यालाच म्हणाली, “यास्ना पायसाठी व्हतं का ते?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. पोलिसात तेही शिकवतात. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली.

“माले कोणी सांगं ना,” ती म्हणाली.



६

नेहेत्यांनी सगळं उभ्या उभ्या ऐकलं.

“खणून आणू?” अभिमनने विचारलं. “मी आत्ता जातो पाळधीला.”

“मातीत एक रात्र गेलीय. उपयोग नाही.”

“पोलिसांना काय सांगणार?”

“काय सांगू, तुम्हीच सांगा. चोरी झाली म्हणू?”

“कोणी केली म्हणणार? तुम्ही त्या नाळा कोणाला विचारून घेतल्या होत्या, डॉक्टर?”

नेहेते खुर्चीत बसले. “टाकूनच देतात असं धरून चाललो मी. विचारायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.”

“माझ्याही नाही,” अभिमन म्हणाला. कशाबद्दल, ते त्याने सांगितलं नाही.

संध्याकाळी पोलिसांना फोन गेला नाही. तोतारामला खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं, एवढंच. त्याने किल्ली खिळ्यावरून काढली आणि कुठे ठेवायची ते न कळून हातात धरून फिरत राहिला.

“हाताची शीर?” गिरधरने नेहेत्यांना विचारलं.

“उजव्या हाताच्या सलाइनने गेल्यात. डाव्या हाताची आहे. बारीक आहे, लांबीला पुरणार नाही. दोन तुकडे जोडावे लागतील.” नेहेत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “मधला जोड तू घालशील?”

“मी? माझ्या हातून गेल्याच आठवड्यात…”

“दोघांनी मिळून केलं तर वेळ वाचेल. वेळ नाहीये, गिरधर.”

रात्री भिकनला कोणी काही सांगितलं नाही. त्याने पट्टी उशाखाली ठेवली होती. आपल्या घरचं कापड इथे कसं आलं, हे त्याने पुन्हा विचारलं नाही.

बुधवारी सकाळी त्याला आत नेलं. दुपार उलटून गेल्यावर नेहेते बाहेर आले. अंगातला सदरा घामाने चिकटला होता. जोड धरला आहे, म्हणाले. गुडघ्यापर्यंत रक्त जातंय, पुढचं पायानेच सांगायचं. गिरधर भिंतीशी बसून आपल्या बोटांकडे बघत होता. धुळ्याची नोकरी त्याला मिळाली होती. ते पत्र त्याने अजून कोणाला दाखवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी टाच कोमट वाटली. दुपारी ती थंड वाटली. नेहेत्यांनी आपलं छोटं यंत्र आणलं. नाडी लागत नसेल तिथेही वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकवणारं. गुडघ्यामागे ठेवलं तेव्हा सूं सूं असा आवाज आला. तिथून इंच इंच खाली सरकवत घोट्याशी आणलं. वॉर्डातला पंखा बंद करायला लावला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकला दाबून बसला.

“आहे,” नेहेते म्हणाले. “बारीक आहे, पण आहे.”

गिरधरने वाकून कान लावला. पुष्कळ वेळ लावून ठेवला.

“मला नाही आला, सर.”

“पुन्हा ऐक.”

“ऐकलं, सर.”

भिकन आळीपाळीने दोघांची तोंडं बघत होता. शुक्रवारी सकाळपर्यंत थांबू, मग पाय ठेवायचा की काढायचा ते ठरवू, असं सांगून नेहेते गेले.

पाळधीहून निरोप आला होता की पोर शांत झोपतंय.

अभिमन हे सगळं बाहेरून, ओट्यावरून, समोरच्या वॉर्डाच्या खिडकीतून बघत होता. आत जागा नव्हती असं नाही. पुष्पाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती, पदर खांद्यावर, आणि भिकनचं पाऊल तिने दोन्ही हातांत धरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी दिवे लागले तेव्हाही तिने ते सोडलं नव्हतं.